काळजीची वेळ साडेपाच

‘चिंतामुक्त राहण्याचे दहा सोपे उपाय’ प्रस्तुत अंकासाठी लिहून द्यावेत, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मी प्रथम नकारच कळवला. त्यामागे विनय नव्हता. भाईंदर पूर्वेतील एका दवाखान्यात मी बारा-तेरा वर्षे समुपदेशनाचे काम केले आणि तेवढ्या अवधीत माझ्या हाती दहा उपाय लागले नाहीत. तीन लागले. त्यांपैकी एक मी पुस्तकातून जसाच्या तसा उचलला होता आणि तो हिराबाई नावाच्या एका कोळीणबाईंनी मला दुरुस्त करून दिला. त्या दुरुस्तीची हकीकत लिहिली तर चालेल का, असे मी भीत भीत विचारले. चालेल, असे उत्तर आले.

हिराबाईंची परवानगी घेतली आहे. “नाव टाका, फोटू नको,” एवढीच त्यांची अट होती. बाकीच्यांच्या खाणाखुणा बदलल्या आहेत.

मी या व्यवसायात उशिरा आले. मानसशास्त्र घेऊन एम. ए. झाले होते खरी, पण त्यापुढची अठरा वर्षे एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात गेली. आलेल्या पत्रांवर शिक्का मारायचा आणि गेलेल्यांची नोंद ठेवायची. कमी बोलणाऱ्या माणसाला ते काम सोयीचे होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गिरगावातील दोन खोल्या सोडून आम्ही जेसल पार्कमध्ये राहायला आलो. रोजचे जाणेयेणे प्रकृतीला झेपेना, म्हणून नोकरी सोडली आणि बेचाळिसाव्या वर्षी समुपदेशनाच्या पदविकेला नाव घातले. वर्गातल्या मुली पहिले दोन दिवस मला प्राध्यापिका समजून उभ्या राहत आणि त्यांना बसायला सांगण्याचा धीर मला होत नसे.

आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांचा दवाखाना दुपारी दोन ते चार बंद असे. ते दोन तास आतली खोली त्यांनी मला दिली. पोटात जळजळते, डोके चढते, झोप येत नाही, आणि तपासणीत तर काही निघत नाही, अशी पुष्कळ माणसे त्यांच्याकडे येत. ‘यांचं ऐकून घ्यायला मला वेळ नाही आणि यांना दुसरं औषध नाही,’ असे ते म्हणाले. पाटी कोणती लावावी यावर आठवडाभर विचार झाला. ‘मानसोपचार’ म्हटले तर कोणी पायरी चढणार नाही. ‘समुपदेशन’ म्हटले तर कोणाला कळणार नाही. शेवटी नुसते माझे नाव आणि वेळ लिहिली. तरी अर्थ कोणाला कळायचा राहिला नाही, कारण सावंत कंपाउंडर बाकावरच्या मंडळींना खणखणीत आवाजात विचारीत, “टेन्शनवाले कोण आहेत? आत चला.”

मी त्यांना समजावून पाहिले.

“मग काय म्हणू, मॅडम? वेडे म्हणू?”

“नावाने हाक मारा ना, सावंत.”

“नाव तर ती माणसं खोटं सांगतात.”

ते खरे होते. एका महिन्यात माझ्याकडे तीन सुनीता जोशी आल्या. पुष्कळजण स्वतःचा प्रश्न मैत्रिणीचा, भावाचा किंवा शेजाऱ्याचा म्हणून सांगत. मी कधी टोकले नाही. ‘तुमच्या मैत्रिणीला सांगा’ म्हणून सल्ला देत असे आणि पंधरा दिवसांनी ‘मैत्रीण आता बरी आहे’ असे ऐकून घेत असे.

या कामात नेमके काय करतात, हा प्रश्न मला आजही विचारला जातो. औषध मी देत नसे. तो माझा अधिकार नव्हता. कोणाचे दुखणे माझ्या आवाक्याबाहेरचे दिसले, तर मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवी. उरलेल्यांचे पाऊण तास ऐकायचे, मध्ये बोलायचे नाही आणि जाताना एक लहानसे काम नेमून द्यायचे, एवढेच माझे कौशल्य. मी दिलेले निम्मे सल्ले कोणतीही समंजस आत्या किंवा मावशी देऊ शकली असती. फरक इतकाच, की आत्या ते घरात इतरांनाही सांगते.

मी नेमून देत असे त्या कामांपैकी पहिले नवरा-बायकोंसाठी होते: रोज वीस मिनिटे दोघांनी तिसऱ्या माणसाशिवाय बोलायचे. मीरा रोडच्या एका नव्या इमारतीतले जोडपे मला आठवते. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, लहान मूल आणि हे दोघे. मी वीस मिनिटांचे सांगितल्यावर त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि माझ्यासमोर प्रथमच हसले.

“कुठे, मॅडम?” नवऱ्याने विचारले. “गच्चीला सेक्रेटरीने कुलूप लावलंय.”

“टँकरच्या लायनीत,” बायको म्हणाली. “सकाळी पाऊण तास उभेच असतो ना आपण. तिथं भांडण्यापेक्षा बोलू.”

इमारतीला नळाचे पाणी नव्हते. सकाळी टँकर येई आणि हंडे घेऊन दोघांनाही खाली उतरावे लागे. पाणी आणि आई हे दोन विषय वर्ज्य, असे आम्ही ठरवले. तीन महिन्यांनी तो गृहस्थ एकटाच आला. चेहरा पडलेला होता.

“मॅडम, प्रॉब्लेम झालाय. बिल्डिंगला नळ आला.”

मी त्यांना सकाळी दूध आणायला दोघांनी मिळून जायला सांगितले. पुढे ते बेव्हर्ली पार्ककडे मोठ्या जागेत गेले, असे कळले. मोठ्या जागेत ते बोलतात की नाही, हे मला ठाऊक नाही. चांगले झालेले लोक परत येत नाहीत आणि न झालेलेही येत नाहीत. त्यामुळे आपले काम कसे झाले, हे आम्हाला बहुधा कळतच नाही.

दुसरे काम काळज्यांची वाटणी करण्याचे. जिच्यावर आपण आज काही करू शकतो ती काळजी एका बाजूला, जिच्यावर काहीच करू शकत नाही ती दुसऱ्या बाजूला. पहिलीचे काम करून टाकायचे. मग दुसरीचे काय करायचे, असे सगळेच विचारत. तिसरे काम त्यासाठी होते, आणि त्याचा मला विशेष अभिमान होता. काळजीला वेळ नेमून द्यायची. दिवसभरात ती आली, की ‘आता नाही, साडेपाचला ये’ म्हणून तिला परत पाठवायचे. साडेपाच ते सहा बसून तिला जे सांगायचे आहे ते सगळे ऐकायचे, वहीत लिहायचे आणि सहा वाजता उठायचे. काळजी करू नकोस म्हटल्याने कोणाचीच काळजी थांबत नाही. थोडे थांब म्हटले, तर ती पुष्कळदा थांबते. ही वही कोणालाही दाखवायची नाही, असा माझा कडक नियम होता. कचेरीतल्या माणसांना, शिक्षिकांना, परीक्षेच्या मुलांना हा उपाय चांगला लागू पडला. साडेपाच ही वेळ मीच ठरवली होती. तेव्हा चहा झालेला असतो आणि स्वयंपाक सुरू व्हायचा असतो.

हिराबाईंना मी आधीपासून ओळखत होते. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातून त्या आमच्या जेसल पार्कच्या इमारतींत मासळी घेऊन येत. वय पन्नाशीच्या पुढे. अक्षरओळख नव्हती, आकडे मात्र पक्के होते. छातीत धडधडते म्हणून त्या डॉक्टरांकडे आल्या. डॉक्टरांनी सर्व तपासून त्यांना दोनच्या वेळेला बोलावले. टेन्शनवाल्यांच्या हाकेला त्या ताठ मानेने उठून आत आल्या आणि मला पाहून दारातच थबकल्या.

“तुमी? तुमी तर म्हावरा घेताना पन बोलत न्हाय. इथं काय बोलनार?”

“इथे तुम्ही बोलायचं.”

“मंग ठीक हाय,” म्हणून त्या बसल्या. “डागदर बोल्ले, काळजात काय न्हाय. मंग धडधडतं ते काय हाय, बाय?”

हकीकत अशी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांची होडी वादळात सापडली आणि ते दीड दिवस बेपत्ता होते. परतले, पण कंबर कायमची गेली. आता ते ओटीवर बसून जाळी दुरुस्त करीत आणि होडी दामू, म्हणजे मुलगा, एका भागीदाराबरोबर नेत असे. त्या वादळापासून दामू निघाला, की हिराबाई उंबऱ्यात उभ्या राहत: आज नको जाऊ. तो गेला, की चूल पेटत नसे, मासळीची पाटी डोक्यावर चढत नसे. घर ते बंदर, बंदर ते घर, अशा खेपा चालत. तो आला, की त्याच्यावरच ओरडणे. दामूने वर्षभर सोसले. आता तो म्हणत होता, की होडी विकतो आणि स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर लागतो. सूनही, सुरेखा, त्याच मताची होती. रोजची रडारड बघण्यापेक्षा मी मुलाला घेऊन खारीला माहेरी जाते, असे तिने दोनदा बोलून दाखवले होते.

“तुम्हाला काय वाटतं, होडी विकावी?”

“सासऱ्यानं बांधलेली होरी हाय. ती गेली तर आमी कोळी कसले?” त्या थांबल्या. “पन ती पान्यात हाय तवर मना घास जात न्हाय. पोरानं इकायच्या आधी माजा भ्या काडा. यवडंच काम हाय.”

इतक्या नेमक्या शब्दांत आपले मागणे मांडणारी व्यक्ती मला क्वचितच भेटली असेल. मी उत्साहाने त्यांना साडेपाचचा उपाय सांगितला. लिहिता येत नाही, तर मनात उजळणी करा, म्हणाले. त्यांनी गंभीरपणे ऐकले.

“साडेपाचालाच?”

“हो. वेळ रोज एकच हवी. बदलायची नाही.”

त्यांनी माझ्याकडे काही क्षण पाहिले. त्या पाहण्यात एक प्रश्न होता. मी त्याला होकार समजले.

दहा-बारा दिवसांनी, दुपारी दोन वाजता, सावंतांनी हाक मारायच्या आतच दार उघडले. पुढे पंचविशीतली एक तरुणी आणि मागे मान खाली घालून हिराबाई. एका वेळी एकच व्यक्ती आत, हा माझा दुसरा कडक नियम. पण तरुणीचा आवेश पाहून तो सांगण्याचे मला सुचले नाही.

“तुम्हीच त्या बाई का? मी सुरेखा, यांची सून. माझ्या सासूला तुम्ही काय शिकवून ठेवलंय?”

“बसा ना,” मी म्हटले.

“बसायला नाय आले. अगोदर निदान रडायच्या तरी. आता रडत पण नाय. साडेपाच वाजले की भिंतीला टेकून बसतात, घड्याळाकडे बघत. त्या दिवशी दामू समोर बसून चहा पितोय, आणि या त्याची काळजी करतायत. तो म्हणतो, आये, मी हा इथं बसलोय. तर म्हणतात, गप रे, सहा वाजेपर्यंत करू दे.”

हिराबाई हळूच म्हणाल्या, “बायनी सांगितलं व्हतं.”

“आणि परवा?” सुरेखाचा आवाज खाली आला. “परवा साडेपाचला दामू यायचा होता अजून. सहा वाजले, या उठल्या. एक शब्द नाय. दामू साडेसातला आला तोवर ओठ दाबून बसलेल्या. आणि काल सकाळी बंदरावर, सगळ्यांच्या देखत, होडीचा दोर धरला. सोडेचनात. बाकी होड्या सुटल्या, बायका हसायला लागल्या. दामू होडीतनं उतरला, काही बोलला नाय. संध्याकाळी एकाला शब्द देऊन आला. येत्या अमावास्येला तो होडी घेऊन जाणार.”

अमावास्येला सोळा-सतरा दिवस होते. मला पहिल्यांदा आठवली ती हिराबाईंची दहा-बारा दिवसांपूर्वीची नजर.

“हिराबाई, त्या दिवशी तुम्हाला काही विचारायचं होतं का?”

“तुमी शिकलेल्या. मना वाटलं, तुमाला म्हाईत असंल.”

“काय?”

“का होरी घड्याळावर जात न्हाय. पान्यावर जाते.”

मग त्यांनी मला शिकवले. ओहोटीबरोबर होडी खाडीच्या तोंडाकडे जाते. पाणी फिरले, की भरतीबरोबर परत येते. भरतीची वेळ रोज पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला तीन, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे चतुर्थीला साडेपाच वाजता दामू घरी चहा पीत असणार, आणि एकादशीला साडेपाच वाजता तो अजून पाण्यावर असणार. मी नेमून दिलेली वेळ एके दिवशी निरर्थक होती, आणि दुसऱ्या दिवशी, जेव्हा काळजीला खरे कारण होते, नेमक्या त्या वेळी मी तिला बंदी केली होती.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसते. पाच-सहा वर्षे मी तिच्याकडे पाहत होते. कधी चिखल असे, कधी पाणी, इतकेच माझ्या लक्षात आले होते. त्या चिखल-पाण्यावर पलीकडच्या शेकडो घरांचा स्वयंपाक ठरतो, हे मी कोणाला विचारले नव्हते. विचारणे हेच माझे काम असताना विचारले नव्हते.

“माझी चूक झाली,” मी म्हटले. हे वाक्य मी त्यापूर्वी त्या खोलीत उच्चारले नव्हते.

सुरेखा भांडणाच्या तयारीने आली होती. ती गोंधळून खुर्चीवर बसली. हिराबाई म्हणाल्या, “चूक कसली? तुमाला दर्या म्हाईत न्हाय, यवडंच.”

भिंतीवर औषध कंपनीची दिनदर्शिका होती. ती काढून आम्ही तिघी टेबलावर वाकलो. हिराबाई तिथी बोलत, मी पाऊणपट करी आणि पेन्सिलीने तास लिही. माझ्याआधी त्यांचे उत्तर तयार असे. मग आम्ही दिवसाचे तीन भाग केले. पाणी उतरते आहे, तोवर होडी जाते आहे. त्या वेळात कोणतीच बातमी येणार नसते, म्हणून तेव्हा पाटी घेऊन विक्रीला निघायचे. पाणी फिरले, की अर्धा तास काळजीचा. त्यानंतर पूर्ण भरतीपर्यंत स्वयंपाक. आणि पूर्ण भरती झाली तरी होडी आली नाही, तर ती काळजी नव्हे, ते काम. तेव्हा बंदरावर जायचे, आलेल्या होड्यांना विचारायचे, मच्छीमार संस्थेच्या माणसांना सांगायचे. माझे दुसरे काम आणि तिसरे काम त्या कागदावर प्रथमच एकमेकांत नीट बसले.

“अष्टमीच्या अंगाला काय लिवू नका,” हिराबाई म्हणाल्या. “भांगाचं पानी, त्याला जोर न्हाय. होऱ्या बांधलेल्या असतात.”

“म्हणजे काळजीला सुट्टी,” सुरेखा म्हणाली आणि मग आपण हसलो हे लक्षात येऊन गप्प झाली.

वहीचा प्रश्न उरला होता. मी नियमाप्रमाणे सांगू लागले, की मनातल्या मनातच—

“मनात न्हाय ऱ्हात,” हिराबाईंनी मला थांबवले. “ही लिवंल. नववी शिकलीय.”

“मी?” सुरेखा म्हणाली.

ही वही दुसऱ्याने पाहू नये, हा नियम मी पुस्तकावरून केला होता आणि नुकतीच एका नियमाची गत पाहिली होती. मी टेबलावरचे पॅड सुरेखाकडे सरकवले. आजपासून सुरुवात करा म्हटले. हिराबाई डोळे मिटून सांगू लागल्या.

“लिव. दोर तुटंल. लिव. वारा फिरंल. लिव. दामूला पवता येतं, पन त्याच्या भागीला येत न्हाय, तर तो त्याला सोडून येनार न्हाय.” सुरेखा भराभर लिहीत होती. “लिव. ही पोराला घेऊन खारीला जाईल आनि परत येनार न्हाय.”

सुरेखाचा हात थांबला.

“लिव ना.”

“लिहिलं,” सुरेखा म्हणाली. तिने लिहिले नव्हते. मला दिसत होते; हिराबाईंचे डोळे मिटलेले होते. तेवढी एकच ओळ त्या कागदावर नाही.

त्यानंतरचे मी पाहिलेले नाही, सुरेखाकडून ऐकलेले आहे. ती पुढच्या आठवड्यात एकटी आली आणि सावंतांना ‘मी टेन्शनवाली नाय, निरोप सांगायला आलेय’ असे बजावून आत आली.

पौर्णिमा उलटून चतुर्थी आली. पूर्ण भरती तीनची. दामूने दुपारच्या आत यायला हवे होते. पाणी फिरल्यावर दोघी वही घेऊन बसल्या, अर्धा तास झाला, उठल्या. भात झाला. एक वाजला, दोन वाजले. सुरेखाच म्हणाली, बंदरावर जाऊ या. हिराबाई म्हणाल्या, पाणी अजून चढतंय. तीन वाजता त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवले, पदर खोचला आणि निघाल्या. धावत नव्हे, चालत. बंदरावर आलेल्या दोन होड्यांना विचारले. तिसऱ्या होडीवाल्याने सांगितले, की एका होडीचे इंजिन बंद पडले आहे आणि दामू तिला ओढून आणतो आहे. पाणी उतरू लागले आहे, म्हणून उशीर लागेल.

“मग?” मी विचारले.

“मग उभ्या राहिल्या. त्यांनी माझा नाय, मीच त्यांचा हात धरला होता.”

साडेचारच्या सुमाराला दोन्ही होड्या आल्या. दामूने आईला धक्क्यावर पाहिले आणि, सुरेखाच्या शब्दांत, ‘त्याचं तोंड कडू झालं’. त्याने दोर फेकला. आठ दिवसांपूर्वी जो दोर त्यांच्या हातातून सोडवता येत नव्हता, तोच. हिराबाईंनी तो झेलला, खुंटाला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि म्हणाल्या, “भात निवला.” आणि घराकडे वळल्या.

अमावास्येला होडी घ्यायला माणूस आला, हे मला मागाहून कळले. दामूने त्याला चहा पाजला, क्षमा मागितली आणि परत पाठवले.

इथे थांबले असते, तर हा लेख अधिक नेटका झाला असता. पण तो खरा झाला नसता. भीती गेली असे हिराबाईंनी कधी म्हटले नाही. ‘हाय ना. टायमाला येते,’ एवढेच त्या सांगत. दर दोन-तीन महिन्यांनी त्या दवाखान्यात डोकावत. नव्या वर्षाची दिनदर्शिका आली, की तास लिहून घेत. मीही स्वतःसाठी ते सुरू केले. अनोळखी माणसासमोर बसायची मला भीती वाटते, ती इतक्या वर्षांत गेलेली नाही. इतरांना साडेपाच नेमून देणाऱ्या मी स्वतःला कोणतीच वेळ दिली नव्हती. पाणी फिरले, की मी खिडकीशी अर्धा तास बसू लागले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी खाडीतली मासळी आटत गेली. एका दुपारी हिराबाई आल्या त्या रिकाम्या हाताने. बसल्या, पाणी प्यायल्या.

“होरी इकली, बाय.”

मी हातातले पेन खाली ठेवले. त्यांनीच माझी समजूत घातली.

“भ्यापायी न्हाय इकली. म्हावरा न्हाय, म्हनून इकली. दामू बोल्ला, आये, तू सांगशील तवा. मी सांगितलं.”

“आता दामू?”

“कंपनीत. पॉलिशला. मशिनीच्या पट्ट्यात हात जाईल का, ह्यो नवा भ्या.” त्या जरा हसल्या. “सुरेखा लिवते ना. कंपनीचा भोंगा साडेपाचाला व्हतो. रोज साडेपाचालाच, येक मिनिट इकडंतिकडं न्हाय. आता तुमचा टाइम बराबर हाय.”

तो टोमणा होता, की दिलासा, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता आले नाही. दोन्ही असावेत.

उठताना त्यांचे लक्ष भिंतीकडे गेले. त्या वर्षाच्या दिनदर्शिकेवरही पेन्सिलीचे तास होते.

“ह्ये कोनासाठी?”

“माझ्यासाठी,” मी म्हटले.

त्या जवळ गेल्या. बोटाने एकेक चौकोन चाचपत महिनाभर पुढे सरकल्या आणि एका जागी थांबल्या.

“तेरस चुकलीय, बाय. पावनेधा पायजे. तुमी धा लिवलंय.”

सावंतांच्या टेबलावरून मी पेन्सिल आणली, दहा खोडले आणि पावणेदहा लिहिले.